डावीकडचं दार

"चोर सापडलाय," संशोधिका म्हणाली. "तुम्ही फक्त हार्ड डिस्क शोधून द्या."

माईंनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. "चोर सापडला आणि माल सापडला नाही, म्हणता? मग बहुतेक वेळा चोरही सापडलेला नसतो. बसा."

माई खासगी तपासाचं काम करत. लग्नाआधीच्या चौकशांपासून त्यांनी सुरुवात केली होती. मुलगा खरंच नोकरी करतो का, आधीचं एखादं लग्न लपवलंय का, असल्या गोष्टी खणून काढता काढता त्यांचं नाव झालं आणि मग मोठी कामंही येऊ लागली. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान अप्पा त्यांचे मदतनीस होते. स्कूटर चालवणं आणि सर्वांच्या आधी चुकीचा निष्कर्ष काढणं ही दोन्ही कामं ते मनापासून करत.

"डॉक्टरीणबाई, आधी माझा गुडघा बघता का?" अप्पांनी विचारलं.

"मी तसली डॉक्टर नाही," ती म्हणाली. हे तिला नेहमीच सांगावं लागे. "मी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावर संशोधन करते."

एरवी ती हे सांगताना खुलून बोलली असती. आज पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलली. माणसाला विसर पडायला लागला की तो सर्वांत आधी बोलण्यात दिसतो. शब्द सापडत नाहीत, मधेच थांबायला होतं. हा बदल लवकर ओळखता यावा म्हणून चार देशांतली माणसं मिळून काम करत होती. ती एकमेकांना कधीच प्रत्यक्ष भेटली नव्हती. दर आठवड्याला पडद्यावर मीटिंग व्हायची, तिचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि त्या वेळी ज्या देशात रात्र असेल तिथले लोक ते नंतर बघायचे.

"आणि हे म्हातारे कुठले?" माईंनी विचारलं.

"आरोग्यकेंद्रात येणारे. तिथली नर्स दर महिन्याला त्यांचा आवाज रेकॉर्ड करते. नाव सांगायचं नाही, फक्त आपला नंबर सांगायचा आणि कालचा दिवस कसा गेला ते बोलायचं. मूळ आवाज एकाच हार्ड डिस्कवर, माझ्या घरी. दुसरी प्रत काढायची नाही, असा करार आहे. मैना ते ऐकून लिहून काढते आणि मी फक्त तिचं लिहिलेलं वाचते. आवाज मी ऐकतच नाही, म्हणजे मन कलुषित होत नाही."

"ओळखीचं कोणी निघालं तर?"

"तर त्या माणसानं लगेच तसं कळवून कामातून बाजूला व्हायचं. हा नियम मीच घातलाय." मग तिनंच पुढे सांगितलं. "ओळखीचं कोणी असेलही. संख्या भरत नव्हती म्हणून मी शेजारपाजारच्यांना, घरच्या सासूबाईंनासुद्धा केंद्रात पाठवलं होतं. पण कुठला नंबर कोणाचा ते मला कळू नये, हाच तर मुद्दा आहे."

मैना म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. वर्गात तोंड मिटत नसे म्हणून बाईंनीच हे नाव ठेवलेलं. गेली काही वर्षं ती संशोधिकेच्याच घरी, बाजूच्या खोलीत बसून काम करत होती. परवाच्या मीटिंगनंतर डिस्क फडताळात नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये मैनेच्या खोलीचं दार उघडताना दिसलं. संशोधिकेनं सहकाऱ्यांची तातडीची मीटिंग बोलावून मैनेचं नाव सांगून टाकलं.

"उद्या यावर आणखी एक मीटिंग आहे, त्यानंतर तिचं नाव संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे जाईल," ती म्हणाली. "मग असलं काम तिला जगात कुठंच मिळणार नाही."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"डिस्क." मग तिचा आवाज खाली गेला. "आणि कोणीतरी सांगायला हवंय, की मी बरोबर केलं म्हणून."

ते माईंनी सांगितलं नाही. त्यांनी चपला घातल्या.

* * *

संशोधिकेच्या घराची बाहेरची खोली हेच तिचं ऑफिस होतं. खिडकीकडे तोंड करून टेबल, त्यावर लॅपटॉप. तिच्या पाठीमागच्या भिंतीला दोन दारं, दोन्ही एकाच रंगाची. खुर्चीत बसलं की डाव्या हाताला मैनेच्या खोलीचं दार आणि उजव्या हाताला घरात जाण्याचं. दोन दारांच्या मधे फडताळ. मैनेच्या खोलीला आता कुलूप होतं.

तिनं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर ती स्वतः बोलत होती. मागचं सगळं मुद्दाम पुसट केलेलं होतं, घरातला पसारा परक्यांना दिसू नये म्हणून.

"मला हे बघवत नाही," ती म्हणाली. "रेकॉर्डिंगमध्ये माझा चेहरा नेहमीच वाकडा वाटतो. मीटिंगमध्ये दिसते ती मी ही नव्हेच."

"मला तर तुम्ही आत्ता दिसताय अगदी तशाच दिसताय," माई म्हणाल्या.

"मी फोटोत बरा दिसतो, असं हिला कधीच वाटलेलं नाही," अप्पांनी स्वतःचं दुःख सांगून घेतलं.

पडद्यावर वरून सारखं ठाक ठाक ऐकू येत होतं. तिकडचे थोरले प्राध्यापक हसून इंग्रजीत विचारत होते, घर पाडताय की काय? आणि ती सांगत होती, नवरा गच्चीवर टाकीचं झाकण बसवतोय, माफ करा. मग तिनं आलेख लावला. तिचं स्वतःचं चित्र कोपऱ्यात एवढंसं झालं. तिकडच्या आकडेवाल्या बाई बोलू लागल्या. सतरा नंबर. सहा महिन्यांत घसरण अगदी स्पष्ट आहे. समितीनं एकदाच आवाज ऐकायची परवानगी दिली आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात सतराचं मूळ रेकॉर्डिंग तिथूनच लावा, आपण सगळे मिळून ऐकू.

"आता बघा," संशोधिका म्हणाली.

कोपऱ्यातल्या तिच्या चित्राच्या डाव्या कडेला एक पुसट पट्टा उजळला. दार उघडलं होतं. एक सावली आत आली आणि थबकली. आकडेवाल्या बाई सतराबद्दल बोलत होत्या तोवर ती तशीच उभी राहिली. मग फडताळाशी गेली, आणि आली तशी डावीकडे नाहीशी झाली. वर ठाक ठाक चालूच होतं.

"तुम्हाला तेव्हा चाहूल लागली नाही?"

"मीटिंगमध्ये मला कशाचीच चाहूल लागत नाही. हे घरातले सगळेच म्हणतात."

"आवाज असाच मोठा असतो? साऱ्या घराला ऐकू जाईल असा?"

"कानात काही घातलं की माझे कान दुखतात. आणि इथं कोणाला त्यातलं काय कळणार आहे?"

अप्पा उठून उभे राहिले. "डावीकडचं दार, डावीकडची खोली. गोष्ट संपली. अगं, आपण उगीच आलो."

"बसा हो," माई म्हणाल्या. "गुडघा दुखतोय ना तुमचा?"

* * *

नवरा घरात होता. माणूस साधा. बोलताना बायकोकडे बघणं मात्र टाळत होता.

"मी गच्चीवर होतो. प्लंबर झाकण तसंच टाकून पळाला, म्हणून मीच ठोकत बसलो. मीटिंग संपली तेव्हा खाली आलो, तर ही रडत होती." मग जरा दबकत म्हणाला, "मैनेचं नाव इतक्या घाईनं घ्यायला नको होतं, असं मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तू काहीही म्हटलं नव्हतंस," संशोधिका म्हणाली.

"म्हणणार होतो. तू पुढच्या मीटिंगला बसलीस."

आतल्या खोलीत सासूबाई स्टुलावर चढून माळा उपसत होत्या. हातात खडू होता. खालच्या कपाटांवर, फळ्यांवर, अगदी शिवणयंत्राच्या पेटीवरही खडूच्या लहान लहान खुणा होत्या.

"आईंनी घर आवरायला काढलंय," संशोधिकेनं सांगितलं. "काय काय झालं त्याच्या खुणा करतात. पहिल्यापासून टापटिपीच्या."

"आमचं कपाट तेवढं सोडून," नवरा म्हणाला. "सुनेच्या कपाटाला हात लावायचा नाही, हा तिचा नेम आहे."

सासूबाई खाली उतरल्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती, लांब पल्ल्याचे फोन जोडून दिले होते. आवाज अजून गोड होता. "बसा. तुम्ही काय करत होतात?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"पोस्टात होतो."

"वा! म्हणजे आपण एकाच धंद्यातले. तुम्ही चिठ्ठ्या पोचवल्या, मी आवाज. साता समुद्रापलीकडचे साहेब माझ्याशी बोलायचे, नाव विचारायचे. नाव नाही सांगायचं, नंबर सांगायचा. आता सूनबाईंच्या केंद्रातही तेच!"

"तुमचा नंबर कोणता?" माईंनी विचारलं.

"ते सांगायचं नाही, असा सूनबाईंचा कायदा आहे," त्या हसल्या. मग हसू मावळलं. "मैनेला बोलावून घ्या हो. तिनं काही केलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नाही केलेलं, एवढं माहीत आहे." त्या अप्पांकडे वळल्या. "आणि तुमची नोकरी कुठं होती म्हणालात?"

"पोस्टात," अप्पांनी पुन्हा खुशीत सांगितलं. त्यांच्या नोकरीबद्दल दोनदा कोणी विचारत नसे.

* * *

मैना शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. संशोधिका वर गेली नाही. जिन्यातच बसली. खालून मशीनचा आवाज येत होता आणि वरच्या अर्धवट उघड्या दारातून बोलणं. आपण शाळेतल्या मैत्रिणीच्या दाराशी चोरासारखं कान देऊन बसलोय, याची तिला लाज वाटली, पण ती उठली नाही.

"मी दार उघडलं नाही," मैना म्हणत होती. "तिला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नाही. तिला, तुम्हाला, कोणालाच."

"तुमची नोकरी जाईल. नाव जाईल," माई म्हणाल्या.

"कळतं मला."

"मग संशय कोणाचा येतो तेवढं तरी सांगा."

मग मैना म्हणाली, "मला जे माहीत आहे, ते मला माहीत असायला नको होतं. तेव्हाच सांगून बाजूला व्हायला हवं होतं, नाही झाले. तेवढी मी दोषी आहे. जा आता तुम्ही."

अप्पा जिना उतरताना पुटपुटले, "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता काय राहिलं?"

संशोधिकेला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. तीस वर्षांपासूनची मैत्रीण चोर ठरली आणि आपण सुटकेचा श्वास सोडतोय!

माई मात्र पुन्हा वर गेल्या. परत आल्या तेव्हा मैना त्यांच्याबरोबर होती. दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

* * *

बाहेरच्या खोलीत सगळे बसले. नवरा, सासूबाई, दाराजवळच्या खुर्चीत मैना.

"लॅपटॉप उघडा," माईंनी संशोधिकेला सांगितलं. "मीटिंगला बसता तशा बसा. मागचं पुसट करा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. अहो, तुम्ही घरात जा आणि मी हाक मारली की तिकडचं, उजव्या हाताचं दार उघडून या."

अप्पा गेले. हाक मारल्यावर आले.

"आता पडद्यावर अप्पा कुठल्या बाजूनं आले?"

"उजवीकडून," संशोधिका म्हणाली. "दार उजवीकडेच आहे."

"बरोबर. आता रेकॉर्डिंग लावा."

तिनं लावलं. पडद्याच्या डाव्या कडेला पुसट पट्टा उजळला आणि अप्पांची सावली डावीकडून आत आली.

संशोधिका बघतच राहिली. तिनं पुन्हा लावलं. सावली पुन्हा डावीकडूनच आली.

"मीटिंग चालू असताना तुम्हाला तुमचं चित्र आरशासारखं दिसतं," माई म्हणाल्या. "उजवं ते उजवीकडे. पण तिकडच्या लोकांना आणि रेकॉर्डिंगला तुम्ही समोरच्या माणसाला दिसाल तशा दिसता. म्हणून तर तुमचाच चेहरा तुम्हाला वाकडा वाटला आणि मला सरळ. आठवड्यामागून आठवडे तुम्ही स्वतःला आरशात बघत आलात, आणि ज्या दिवशी माणूस ओळखायची वेळ आली, त्या दिवशी तो आरसा नव्हता."

"म्हणजे ते मैनेचं दार..." ती मागच्या दारांकडे वळली.

"ते घराचं दार होतं. आता घरात त्या वेळी दोघं होती. तुमचे यजमान गच्चीवर ठोकत होते. सावली आली, थबकली, परत गेली, त्या सगळ्या वेळात ठाक ठाक एकदाही थांबलं नाही."

सासूबाई मांडीवरचे हात बघत होत्या.

माई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आवाज एकदम मऊ झाला. "बोलू का मी? नको म्हणालात तर इथंच थांबते."

"बोला," सासूबाई म्हणाल्या. "मैनेसाठी बोला."

"यांनी जन्मभर परदेशचे फोन जोडले. इंग्रजी कळतं यांना. घरात कोणाला काही कळत नाही असं समजून मीटिंग मोठ्या आवाजात चालायची आणि या आतून सगळं ऐकत होत्या. स्वतःचा नंबर यांना पाठ होता, तो तर दर महिन्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचा. त्या दिवशी काहीतरी आणायला म्हणून दार उघडलं आणि कानावर आलं, सतरा नंबर घसरला. सावली तिथंच का थबकली, ते आता कळलं? आणि पुढच्या आठवड्यात सतराचा आवाज सगळे मिळून ऐकणार. सून ओळखणार. चार देशांच्या देखत ओळखणार."

"आई," नवरा म्हणाला. तो उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

"मैनाबाईंनी तो आवाज पहिल्याच महिन्यात ओळखला होता. सांगितलं असतं तर यांचं दुखणं उघडं पडलं असतं, म्हणून गप्प बसल्या. चोरीचा आळ आला तेव्हाही त्याच कारणासाठी गप्प बसल्या."

संशोधिकेनं मैनेकडे पाहिलं. "मला एकटीला तरी सांगायचं."

"सहा महिने मी तुला एकटीला गाठायला बघत होते," मैना म्हणाली. "तू कायम कुठल्या ना कुठल्या देशात असायचीस."

"पण मग यांनी डिस्क परत का नाही दिली?" अप्पांनी विचारलं. या वेळी त्यांनी निष्कर्ष काढला नव्हता. "मैनाबाईंवर एवढी माया, तरी?"

"कारण कुठं ठेवली तेच आठवेना," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मैनेचं नाव घेतलं त्या दिवसापासून शोधतेय मी. नुसतं तोंडानं सांगून काय उपयोग? म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. हातात देऊन सांगायचं होतं. सगळं घर उपसलं. पाहिलेलं पुन्हा पाहायला नको म्हणून खडूनं खुणा करत गेले."

माईंनी मान हलवली. "सगळ्या घरात खुणा आहेत. फक्त एका कपाटावर नाही. ज्याला हात लावायचा नाही असा तुमचा नेम आहे."

संशोधिका उठून आत गेली. तिच्या कपाटात, गरम कपड्यांच्या कप्प्यात, दुमडलेल्या शालीच्या आत ती हाताला लागली. ती बाहेर आली तेव्हा डिस्क तिनं दोन्ही हातांत धरली होती.

"तुझ्याच कपाटात?" सासूबाई गोंधळून म्हणाल्या. "म्हणजे मी तुला परत दिली होती का?"

"त्याच दिवशी दिली असणार," माई म्हणाल्या. "घेतली त्याचं मनाला लागलं, म्हणून नेम मोडून ज्याची त्याला ठेवून आलात. आणि ठेवल्याचं तेवढं निसटलं."

संशोधिकेनं डिस्क टेबलावर ठेवली. मैनेला ती चोर म्हणाली, तेव्हा डिस्क तिच्या स्वतःच्या कपाटात होती. जगभरच्या म्हाताऱ्यांचा विसर ओळखायला निघालेल्या तिला खडूच्या खुणांत टापटीप दिसली होती.

"मैने," ती म्हणाली, "मला माफ कर."

मैना उठली. तिनं सासूबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. "आज नाही जमणार," ती मैत्रिणीला म्हणाली. "काकूंकडे येत जाईन मी. तुझ्याकडे येणं निराळं." आणि ती गेली. तिला थांबवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे संशोधिकेला नीट कळत होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिनं सगळं सांगितलं. मैनेनं चोरी केलेली नाही. डिस्क माझ्याच कपाटात होती. खोटा आळ मी घेतला, तो इथंच, सगळ्यांसमोर मागे घेते, आणि ही मीटिंग समितीला जशीच्या तशी दाखवा. मैना बोलली नाही तो नियमभंग झाला, हे खरं. पण तो तिनं माझ्या घरासाठी केला, त्याचा जाब मला विचारा.

थोरल्या प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सतरा नंबर कोण, हे आता तुम्हाला माहीत आहे. याचा अर्थ समजतो ना?"

"मला बाजूला व्हावं लागेल."

"इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं."

"हो," ती म्हणाली.

आकडेवाल्या बाईंनी चष्मा काढला होता. "त्या दिवशी मी किती सहज म्हणून गेले, घसरण स्पष्ट आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "त्या ऐकत होत्या."

संशोधिकेनं निरोप घेतला आणि लॅपटॉप मिटला. बाकीचे अजून बोलतच असतील. तिच्यावाचून मीटिंग चालू राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

ती आत गेली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"झालं तुझं? मग बस जरा. किती दिवसांत बोललो नाही आपण."

ती बसली. गेले सहा महिने सासूबाईंचा दिवस कसा जातो, हे मैनेनं ऐकून लिहिलं होतं आणि तिनं सतरा नंबर म्हणून ओळ न् ओळ वाचलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "कालचा दिवस कसा गेला तुमचा?"

सासूबाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. मग अगदी नम्रपणे, नर्सला सांगावं तसं त्यांनी आधी आपला नंबर सांगितला.